हृदयविकार : त्या दोन तासांविषयी आणि आधीच्या वीस वर्षांविषयी

दरवर्षी २९ सप्टेंबर रोजी ख्रिस्तसभा संत मिखाएल, संत गब्रिएल व संत राफाएल या महादूतांचा सण साजरा करते. योगायोग असा की, जगभर हाच दिवस जागतिक हृदय दिन म्हणूनही पाळला जातो. राफाएल या हिब्रू नावाचा अर्थच मुळी ‘परमेश्वर बरे करतो’ असा आहे. तोबीतच्या ग्रंथात हा महादूत तरुण तोबियाची प्रवासात सोबत करतो आणि माशाचे पित्त डोळ्यांना लावावयास सांगून त्याच्या अंध पित्याला दृष्टी मिळवून देतो. देवदूतानेही औषध वापरले ही गोष्ट आम्हाला नेहमीच लक्षणीय वाटत आली आहे. कारण प्रार्थना आणि औषध ही दोन वेगळी दारे असून श्रद्धावंताने पहिल्याच दारापाशी थांबावे, असा समज आपल्या काही कुटुंबांत अजूनही आढळतो. बेन सिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय वाचला की हा समज टिकत नाही. तेथे वैद्याचा मान राखण्याची शिकवण आहे, आणि औषधे ही परमेश्वरानेच भूमीतून निर्माण केली आहेत असेही तेथे सांगितले आहे.

गोवंडीत हृदयविकाराने येणाऱ्या मृत्यूची हकिगत बहुधा एकाच वळणाची असते. पन्नाशीच्या आतबाहेरचा घरातला कर्ता पुरुष. रात्रीचे जेवण झाल्यावर छातीवर दडपण येते, दरदरून घाम सुटतो, डाव्या खांद्यातून हातात कळ उतरते. घरातली माणसे म्हणतात, गॅस झाला असेल. ओवा चावायला दिला जातो, सोडा आणला जातो, पाठ चोळली जाते. शेजारी येऊन बसतात. रोझरीची जपमाळ हातात घेतली जाते. पहाटे दुखणे असह्य झाले की रिक्षा शोधण्याची धावपळ सुरू होते, आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत डॉक्टरांच्या हाती फारसे काही उरलेले नसते. दफनभूमीत जमलेली मंडळी म्हणतात, ‘काल तर अगदी बरा होता.’ या लेखात आम्ही लिहीत आहोत ते त्या वाया गेलेल्या दोन तासांविषयी, आणि त्यांच्या आधीच्या वीस वर्षांविषयीसुद्धा; कारण तो मनुष्य काल बरा नव्हताच. त्याचा आजार केवळ बोलत नव्हता.

आत काय घडते

हृदय हा साधारणपणे आपल्या मुठीएवढा, स्नायूंचा बनलेला पंप आहे. मिनिटाला सत्तर-बहात्तर ठोके धरले तर दिवसाला एक लाखाच्या वर ठोके होतात. मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त म्हणजे दिवसाला सात हजार लिटरांहून अधिक रक्त हा पंप शरीरभर ढकलतो. महापालिकेचा पाण्याचा टँकर साधारण किती पाणी आणतो, हे आपल्या वस्तीतील माणसाला वेगळे सांगावयास नको.

साऱ्या शरीराला रक्त पुरविणाऱ्या या स्नायूला स्वतःलाही रक्त लागते. आत भरलेले रक्त त्याच्या उपयोगी पडत नाही. ते त्याला बाहेरून, महारोहिणीच्या मुळाशी निघणाऱ्या दोन धमन्यांतून मिळते. हृदयाला मुकुटासारखा वेढा घालणाऱ्या या धमन्यांना हृदयधमन्या म्हणतात. त्यांची जाडी सरबताच्या नळीपेक्षाही कमी, जेमतेम तीन-चार मिलिमीटर असते. रक्तातील अतिरिक्त चरबी, म्हणजे कोलेस्टेरॉल, धमनीच्या आतल्या अस्तराखाली साचू लागते. उच्च रक्तदाब, तंबाखू आणि मधुमेह हे अस्तर आधीच खरवडून ठेवतात व चरबीला वाट करून देतात. हे साचणे तारुण्यातच सुरू होते. वर्षामागून वर्षे जातात, धमनी आतून अरुंद होत जाते, तरी मनुष्याला काहीच जाणवत नाही. अडथळा बराच वाढला की जिना चढताना, जड ओझे उचलताना किंवा गाडी पकडण्यासाठी धावताना छातीत आवळल्यासारखे होते आणि विसावा घेतला की थांबते. हा इशारा होय. पुष्कळ जण तो ‘वय झाले’ म्हणून सोडून देतात.

झटका मात्र वेगळ्या रीतीने येतो. चरबीच्या त्या थरावरचा पापुद्रा एखाद्या क्षणी फाटतो, शरीर त्याला जखम समजून तेथे रक्ताची गुठळी तयार करते आणि धमनी काही मिनिटांत पूर्ण बंद होते. फार मोठा अडथळा असावाच लागतो असे नाही; मध्यम अडथळ्याचा थरही असा फाटू शकतो. म्हणूनच ‘मागच्या वर्षी तपासणीत काही निघाले नव्हते’ हे वाक्य कवच ठरत नाही. धमनी बंद झाली की तिच्या पलीकडचा स्नायू मरू लागतो, आणि मेलेला हृदयस्नायू पुन्हा उगवत नाही. गुठळी जितकी लवकर निघेल तितके हृदय वाचते. पहिल्या एक-दोन तासांचे मोल इतके आहे ते यामुळेच.

येथे दोन गोष्टींची गल्लत होते. हृदयविकाराचा झटका म्हणजे धमनी तुंबणे. मनुष्य शुद्धीवर असतो, बोलतो, कधी चालतोही. हृदय बंद पडणे ही वेगळी अवस्था आहे. तिच्यात हृदयाची लय बिघडून पंप थांबतो, मनुष्य कोसळतो, हाकेला ओ देत नाही व श्वास थांबतो. पहिल्या अवस्थेतून दुसरी केव्हाही उद्भवू शकते, म्हणून पहिलीतच रुग्णालय गाठावयाचे असते.

लक्षणे आणि लगेच करावयाच्या गोष्टी

छातीच्या मधोमध दडपण, जळजळ किंवा आवळल्यासारखी वेदना. ती खांदा, हात, मान, जबडा, पाठ किंवा पोटाच्या वरच्या भागात पसरणे. थंड घाम, मळमळ, धाप, एकाएकी आलेला विलक्षण थकवा. ही लक्षणे वीस मिनिटे टिकली तर ती हृदयाचीच आहेत असे धरून चालावे. गॅस निघाला तर आनंदच आहे. ईसीजी काढून घरी परत आल्याने कोणाचेही नुकसान झालेले नाही. मधुमेही, वयस्कर माणसे आणि स्त्रिया यांच्यात छातीत दुखण्याऐवजी नुसता दम लागणे, ओकारी किंवा घेरी एवढेच दिसू शकते. स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे आणि ती वैद्यकीय नाही. घरातली बाई स्वतःच्या दुखण्याला शेवटचा क्रमांक देते. सर्वांचे डबे भरून झाल्याशिवाय ती बसत नाही, आणि बसली तरी सांगत नाही.

अशा वेळी पहिली गोष्ट म्हणजे १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. महाराष्ट्रात ही विनामूल्य रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून चालू आहे. गोवंडीच्या आतल्या गल्ल्यांत रुग्णवाहिका शिरणे अवघड, हे आम्ही जाणतो; म्हणून एका माणसाने मोठ्या रस्त्यावर जाऊन उभे राहावे आणि बाकीच्यांनी रुग्णाला खुर्चीत बसवून उचलून न्यावे. त्याला चालवू नये, जिना तर मुळीच उतरवू नये. रुग्णवाहिका उशिरा येणार असे कळले तर मिळेल त्या वाहनाने निघावे. ॲस्पिरिनची साधी ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खाल्ल्यास गुठळी वाढण्याला आळा बसतो. मात्र या गोळीचे वावडे असलेल्यांनी किंवा पोटातून रक्तस्राव झालेल्यांनी ती घेऊ नये, आणि शंका असल्यास १०८ वरील डॉक्टरांना विचारावे. गोवंडीत महापालिकेचे पंडित मदन मोहन मालवीय शताब्दी रुग्णालय आहे. मोठ्या उपचारांसाठी शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय आणि परळचे केईएम रुग्णालय ही महापालिकेची रुग्णालये आहेत. कोणत्या ठिकाणी ईसीजी रात्रीही निघतो, आपल्या घरून तेथे पोहोचावयास किती वेळ लागतो, याची चौकशी धडधाकट असतानाच करून ठेवावी.

रुग्ण कोसळला, हाकेला उत्तर देत नाही आणि नेहमीसारखा श्वास घेत नाही असे दिसले तर रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला कठीण जमिनीवर उताणे निजवून छातीच्या मध्यभागी दोन्ही तळव्यांनी, कोपर ताठ ठेवून, जोराने दाब द्यावा. मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक दाब पाच ते सहा सेंटिमीटर खोल. बरगडी मोडेल या भीतीने हात आखडू नये, बरगडी जुळते. ही विद्या पुस्तकातून येत नाही, हातानेच शिकावी लागते. आपल्या लहान ख्रिस्ती समूहांनी एखाद्या रविवारी मिस्साबलिदानानंतर परिचारिका भगिनींकडून तिचे प्रात्यक्षिक घडवून आणावे, अशी आमची विनंती आहे. गोवंडी-चेंबूर भागातल्या आपल्या कितीतरी मुली परिचारिका आहेत. त्यांना बोलवावयास फार दूर जावे लागणार नाही.

धर्मगुरूंनाही बोलवावे, परंतु १०८ च्या आधी नव्हे. आणि रुग्णाभ्यंग हा केवळ शेवटच्या श्वासाचा संस्कार आहे ही जुनी समजूत आता सोडून द्यावी. गंभीर आजाराने किंवा वार्धक्याने जीवाला धोका संभवू लागला की हा संस्कार घेता येतो. बायपास शस्त्रक्रियेस जाण्यापूर्वी तो मागणे सर्वथैव उचित आहे. फादर दारात आले म्हणजे मरण आले, या भीतीने घरची माणसे त्यांना बोलवीतच नाहीत आणि रुग्ण एका मोठ्या आधाराला मुकतो.

आपल्याकडेच लवकर का?

२००४ साली ‘इंटरहार्ट’ या नावाने एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. मूळचे केरळचे व कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात कार्यरत असलेले डॉ. सलीम युसूफ हे त्याचे प्रमुख होते. ५२ देशांतील रुग्ण त्यात तपासले गेले. तंबाखू, रक्तातील चरबीचे बिघडलेले प्रमाण, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरील ताण, फळे-भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि मद्यपानाच्या सवयी अशा नऊ गोष्टींनी पहिल्या झटक्याच्या नव्वद टक्क्यांहून अधिक धोक्याचा उलगडा होतो, असे त्यातून दिसून आले. यात ‘नशीब’ कोठेही नाही. दुसरा निष्कर्ष आपल्याला अधिक लागू आहे. दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांच्या मानाने सुमारे सहा वर्षे आधी, म्हणजे त्रेपन्नाव्या वर्षाच्या आसपास येतो. आपले लोक शरीराने बारीक दिसले तरी चरबी पोटावर साठते. पुरुषांचा कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असा नियम आपल्यासाठी सांगतात तो याच कारणाने. मोजपट्टीला पैसे पडत नाहीत.

ज्ञान असले म्हणजे मनुष्य सुटला असेही नाही. मुंबईचे विख्यात हृदयशल्यविशारद डॉ. नीतू मांडके यांनी हजारो हृदये दुरुस्त केली. मे २००३ मध्ये त्यांचे स्वतःचे निधन हृदयविकाराच्या झटक्याने झाले. तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते. अंधेरीस एक मोठे रुग्णालय उभारण्याचे त्यांचे स्वप्न त्या वेळी अर्धे बांधून झाले होते. त्या बातमीने महाराष्ट्र हळहळला होता, आणि आठवडाभर सर्वांनी आपापले रक्तदाब मोजून घेतले होते. पुढच्या आठवड्यात सर्व पूर्ववत झाले.

बिडी, मशेरी आणि मीठ

वरच्या नऊ कारणांत आमच्या मते गोवंडीपुरता पहिला मान तंबाखूचा आहे. मुंबईत डॉ. प्रकाश गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पस्तिशीवरील सुमारे दीड लाख मुंबईकरांची नोंद करून पुढे त्यांच्या मृत्यूंचा मागोवा घेतला. तंबाखू न वापरणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्यांचा मृत्यूचा धोका १.३७ पट, तर बिडी ओढणाऱ्यांचा १.६४ पट आढळला. ‘सिगारेट वाईट, बिडी आपली साधी पानाची’ असे म्हणणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत. इंटरहार्ट अभ्यासात नुसती तंबाखू चघळणाऱ्यांनाही झटक्याचा धोका दुपटीहून अधिक दिसला.

आणि मशेरी. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतरही मराठवाडा व नगरकडून पोटापाण्यासाठी मुंबईस आलेल्या आपल्या कुटुंबांनी सोबत भाकरीची परात आणली, भजने आणली आणि ही डबीही आणली. तव्यावर काळी भाजून कुटलेली तंबाखू सकाळी दातांना लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, अशी पुष्कळ वडीलधाऱ्या स्त्रियांची खात्री असते. तिला कोणी व्यसन म्हणत नाही, दात घासणे म्हणतात. परंतु हिरडीवाटे निकोटिन रक्तात जाते, नाडी वाढते, रक्तदाब चढतो, आणि दिवसातून चार वेळा ‘दात घासले’ तर ते चार वेळा घडते. गर्भवती सुनेला सासू प्रेमानेच डबी पुढे करते, हे दृश्य आता तरी थांबावयास हवे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. मशेरी मात्र घरच्या तव्यावरच तयार होते, तेथे कायदा पोहोचत नाही. तंबाखू सोडल्यानंतर साधारण वर्षभरात झटक्याचा वाढीव धोका निम्म्यावर येतो. स्वतःहून सुटत नसेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर विनाशुल्क मार्गदर्शन मिळते. प्रायश्चित्तकाळात चाळीस दिवस मांस वर्ज्य करणारे आपले कितीतरी पुरुष त्याच चाळीस दिवसांत बिडीचे बंडल दुप्पट करतात, हे आम्ही पाहत आलो आहोत.

रक्तदाबाची गोष्ट वेगळी. तो दिसतच नाही. महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने केलेल्या २०२१ च्या पाहणीत मुंबईतील दर तीन प्रौढांमागे साधारण एकाला उच्च रक्तदाब आढळला. १४०/९० किंवा त्याहून अधिक आकडा वारंवार येत असेल तर उपचार हवेत. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, मग गोळी कशाला, असे म्हणून ती बंद करणारे पुष्कळ आहेत. गोळीमुळेच आकडा खाली आलेला असतो. गोळी थांबली की तो परत चढतो. महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत आणि २०२२ पासून सुरू झालेल्या ‘आपला दवाखाना’त रक्तदाब व साखर विनामूल्य तपासली जाते. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी तेथे जावे. आपल्या घराघरांत येशूच्या परमपवित्र हृदयाची तसबीर असते. तिच्याखाली कुटुंबातील प्रत्येकाच्या रक्तदाबाच्या नोंदीचे कार्ड टांगले तर भक्तीला बाधा येणार नाही.

मिठाचे दिवसाचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा. आपल्या पोटात आठ ग्रॅमच्या आसपास जाते. ते भाजीतून कमी आणि लोणचे, पापड, ठेचा, फरसाण, सुके बोंबील, सुकट यांतून अधिक जाते. सुके बोंबील सोडा असे आम्ही म्हणणार नाही. पावसाळ्यात ते नाहीत तर काय जेवावे, असा प्रश्न आमच्याही घरात पडतो. भरपूर पाण्यात दोनदा धुऊन घ्यावेत, आणि त्या दिवशी पापड-लोणचे नको. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेली कडधान्ये, पालेभाजी, शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी, बांगडा-तारलीसारखी स्वस्त मासळी हे गावाकडचे अन्नच हृदयाला मानवते. मुंबईत आल्यावर आपण ते टाकून वडापाव धरला. एकाच कढईतील तेल दिवसभर उकळत ठेवून त्यात तळलेले पदार्थ विशेष घातक. वनस्पती तुपातील घातक चरबीवर सरकारने जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे, परंतु वारंवार तापविलेल्या तेलाला कोण पाहणार? लग्न, बाप्तिस्मा, नाताळ या प्रसंगी सोरपोतेल व्हावे, हरकत नाही. दर रविवारी मात्र नव्हे. दारूविषयी लिहावयाचे तर वेगळा लेख लागेल. येथे एवढेच, की ‘थोडी घेतली तर हृदयाला चांगली’ या वाक्याला वैद्यकशास्त्रात आता आधार उरलेला नाही.

आपल्या हाती नसलेले

एवढे सारे लिहिल्यावर आम्हाला थांबून एक कबुली द्यावीशी वाटते. आरोग्याचे लेख बहुधा सर्व दोष वाचकाच्या जिभेवर आणि आळसावर टाकतात. गोवंडीच्या माणसावर तसा दोष टाकणे अन्यायाचे होईल. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात ज्या प्रभागाला सर्वांत तळाचे स्थान मिळाले तो एम-पूर्व, म्हणजे आपलाच विभाग. देवनारचे कचराक्षेपण केंद्र १९२७ पासून येथे आहे. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला होता आणि परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. धुरातील अतिसूक्ष्म कण फुफ्फुसापाशी थांबत नाहीत. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्यांना सूज येते आणि झटक्यांचे प्रमाण वाढते, हे आता निर्विवाद आहे. ‘रोज सकाळी तीस मिनिटे मोकळ्या हवेत चाला’ हा सल्ला येथे कोणत्या हवेत पाळावयाचा? पुनर्वसनाच्या इमारतींत दोन भिंतींमध्ये ऊनही उतरत नाही. लल्लूभाई कंपाउंड व नटवर पारेख कंपाउंड येथील घरांची अशी रचना आणि क्षयरोग यांचा संबंध २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीने दाखवून दिला.

तरीही चालणे सोडू नये. शरीराला आठवड्यातून दीडशे मिनिटांची हालचाल हवी. ती चर्चच्या आवारात, शाळेच्या मैदानावर, बाजारास पायी जाऊन, धूर नसलेल्या वेळी साधता येते. धर्मग्रामांनी आपली आवारे सकाळ-संध्याकाळ चालण्यासाठी सर्वधर्मीय शेजाऱ्यांना खुली ठेवली तर ते मोठे प्रेषितकार्य होईल. आणि उघड्यावर कचरा जाळण्याविरुद्ध प्रभाग कार्यालयात अर्ज देणे हेही हृदयाचेच औषध आहे.

गर्दीच्या घरांशी जोडलेला दुसरा एक हृदयरोग आहे. तो मुलांचा आहे. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा एका विशिष्ट जिवाणूने सुजतो, नीट उपचार होत नाहीत. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, एक सांधा सुजतो, तो बरा होतो तोच दुसरा सुजतो. हा संधिवाताचा ताप. सांधे पूर्ववत होतात, हृदयाच्या झडपा मात्र कायमच्या खराब होऊ शकतात. अनेकदा त्याचा पत्ता लागतो तो पुढे, मुलगी मोठी होऊन गरोदर राहिल्यावर तिला धाप लागू लागते तेव्हा. मग फुग्याने झडप उघडणे किंवा ती बदलणे एवढेच हाती उरते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने बनविलेली भारतीय कृत्रिम झडप १९९० पासून रुग्णांना बसविली जाते आणि तिने पुष्कळांना तारले आहे. पण जी गोष्ट घसा दुखत असताना स्वस्त पेनिसिलिनने टळली असती, ती तेथवर जावी का? हा ताप एकदा येऊन गेलेल्या मुलाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन कित्येक वर्षे द्यावे लागते. मूल रडते, आईची रोजी बुडते, आणि सहा महिन्यांनी इंजेक्शन बंद पडते. अशा घरातील आईबरोबर तीन आठवड्यांतून एकदा दवाखान्यात जाणारी एखादी शेजारीण मिळाली, तरी एक झडप वाचू शकेल.

उपवास, गोळ्या आणि खर्च

काही शंका आम्हाला वारंवार विचारल्या जातात. सकाळच्या मिस्सापूर्वी रक्तदाबाची गोळी घेतली तर ख्रिस्तशरीर स्वीकारता येते का? येते. संस्कारापूर्वीच्या एक तासाच्या उपवासात पाणी आणि औषध यांना मनाई नाही. वृद्ध व आजारी व्यक्तींना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना तर त्या तासात काही खाल्ले तरी मोकळीक आहे. तेव्हा रविवारी गोळी चुकवू नये. राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार यांचा उपवास अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठाव्या वर्षात पदार्पण करेपर्यंत बंधनकारक आहे, परंतु आजाऱ्यांवर तो लादलेला नाही. इन्सुलिन घेणाऱ्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णाने उपाशी राहून चक्कर येऊन पडावे, असे ख्रिस्तसभा कोठेही सांगत नाही. त्याने डॉक्टरांना विचारावे आणि एखादे दयाकृत्य करावे.

हृदयाच्या शस्त्रक्रियांची मुंबईशी जुनी गाठ आहे. केपटाउन येथे डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी जगातील पहिले मानवी हृदयरोपण केले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी ते धाडस केले. रुग्ण तीनच तास जगला. मुंबईत त्यानंतरचे हृदयरोपण व्हावयास ऑगस्ट २०१५ उजाडावा लागला. ते आपल्या उपनगरात, मुलुंड येथे झाले. अशा शस्त्रक्रिया फार थोड्यांना लागतात. बहुतेकांना लागते ती अँजिओप्लास्टी, म्हणजे मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून तुंबलेली धमनी फुग्याने उघडणे व तेथे जाळीची स्टेंट बसविणे. झुरिच येथे १९७७ साली सुरू झालेला हा उपचार आता सर्वत्र आहे.

खर्चाच्या धास्तीने थांबू नये. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने औषधयुक्त स्टेंटची किंमत एकदम खाली आणून सुमारे तीस हजार रुपयांवर बांधली. त्यापूर्वी त्यासाठी लाखाच्या वर मोजावे लागत. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी व बायपास यांचा समावेश आहे. २०२४ मध्ये विस्तारलेल्या या योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. योजनेतील प्रत्येक रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. दाखल होताच त्याला गाठावे. शिधापत्रिका आणि आधारपत्र यांच्या प्रती एका पिशवीत, जुने ईसीजी व औषधांच्या चिठ्ठ्यांसह, दाराजवळ टांगून ठेवाव्यात. रात्री दोन वाजता कपाट उपसण्यात वेळ जातो.

घरी परतल्यानंतरची एक सूचना देऊन हा लेख पुरा करतो, कारण येथेच सर्वांत मोठी चूक होते. स्टेंट बसविल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर दिल्या जातात. दुखणे गेले, पैसे संपले, गावी यात्रेला जाताना पुडी विसरली, दात काढावयाचा म्हणून कोणी बंद करावयास सांगितल्या, अशा कोणत्याही कारणाने त्या परस्पर थांबविल्या तर नव्या जाळीतच गुठळी होऊन पुन्हा झटका येतो आणि तो पहिल्यापेक्षा अधिक वाईट असतो. गोळी कधी थांबवावयाची, हे ज्यांनी स्टेंट बसविली त्या हृदयरोगतज्ज्ञांनाच विचारावे. गोळ्यांसाठी पैसे नसतील तर ते लाज न बाळगता धर्मग्रामातील संत विन्सेंट डी पॉल संघाच्या बंधूंना सांगावे. गोळ्यांचे पान संपावयास आठवडा शिल्लक असतानाच सांगावे.